आजीच्या सालातली माणसं

वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये तिघांचे प्रश्न एकाच विषयाभोवतीचे निघाले, म्हणून यावेळी तेच एकत्र घेतलेत. बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तर देते, कोणाचंही पत्र विसरलेले नाही.

प्रश्न: माझी आजी १९२९ ची. पंचाण्णवी पार केलीय, कान थोडे गेलेत पण बाकी सगळं लख्ख आठवतं. तिच्या वाढदिवसाला आम्ही नातवंडं मिळून एक अल्बम करतोय आणि त्यात 'आजीच्या वर्षी जगात कोण कोण जन्मलं' असं एक पान टाकायचंय. नेटवर यादी काढली तर दोनशे नावं आली, अर्धी आम्हालाच माहीत नाहीत, आजीला कुठून असणार. कोणती घ्यावीत? – एक नात, सांगली

उत्तर: ताई, आधी मनापासून सांगते, कल्पना फार छान आहे. फक्त दोनशे नावांची यादी चिकटवू नका. यादी आजी वाचणारच नाही, 'बरं बरं' म्हणेल आणि पुढचं पान उलटेल. त्यापेक्षा सात-आठ माणसं घ्या आणि जन्मतारखेऐवजी असं लिहा की आजी तेरा वर्षांची होती तेव्हा ही माणसंही तेराच वर्षांची होती, ती कुठे होती, काय करत होती. मी हे माझ्या थोरल्या आत्यासाठी एकदा केलंय, तीसुद्धा १९२९ चीच, त्यामुळे ही नावं मला अगदी घरच्यासारखी झालीत.

१९२९ हे साल आहेच तसं भरलेलं. १५ जानेवारीला अमेरिकेत अटलांटाला काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग जन्मले. १ फेब्रुवारीला मालवणात जयंत साळगांवकर, म्हणजे आपल्या घराघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयचे कर्ते. १० मार्चला वेंगुर्ल्यात मंगेश पाडगांवकर. ४ मेला ब्रुसेल्समध्ये हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न. मग जून बघा, १ तारखेला कलकत्त्यात नर्गिस, ६ तारखेला झेलमकडच्या एका खेड्यात सुनील दत्त, १२ तारखेला जर्मनीत फ्रँकफर्टला नाझींपासून लपून डायरी लिहिणारी ज्यू मुलगी अ‍ॅन फ्रँक, बारा दिवसांत तिघं. आणि २८ सप्टेंबरला इंदूरला लतादीदी.

आता यात बहुतेकांना धक्का बसतो तो अ‍ॅन फ्रँक आणि लतादीदी एका वयाच्या हे ऐकून. मलाही बसला होता. कारण अ‍ॅन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ती शाळकरी मुलगीच येते, काळ्यापांढऱ्या फोटोतली, इतिहासाच्या पुस्तकातली, आणि लतादीदी म्हणजे आपल्या रेडिओवरची, टीव्हीवरची, परवापरवापर्यंत असलेली. पण दोघींच्यात जेमतेम साडेतीन महिन्यांचं अंतर. अ‍ॅन जगली असती तर तीही नव्वदीची आजी झाली असती.

म्हणून मी सुचवते की पानाच्या मधोमध १९४२ हे साल टाका. का ते सांगते.

२४ एप्रिल १९४२ ला पुण्यात मास्टर दीनानाथ गेले. लता तेव्हा साडेबारा वर्षांची, पाठीवर मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ, घरात मिळवतं कोणी नाही. मास्टर विनायकांनी हात दिला आणि ही मुलगी तोंडाला रंग लावून सिनेमात छोटी कामं करायला लागली. 'पहिली मंगळागौर' नावाचा सिनेमा त्याच वर्षीचा, त्यात तिचं छोटंसं काम आहे आणि गाणंही. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं तिला कधीच आवडलं नाही, पण घर चालवायचं होतं.

दीनानाथ गेले त्या दिवसापासून मोजून सात आठवड्यांनी, १२ जूनला, अ‍ॅमस्टरडॅममध्ये अ‍ॅनचा तेरावा वाढदिवस आला आणि तिला एक वही मिळाली, लाल-पांढऱ्या चौकड्यांची, सह्या घ्यायच्या वह्या असतात ना तसली. तिनं तिची डायरी केली. महिनाही झाला नाही तोवर, ६ जुलैला, सगळं कुटुंब वडिलांच्या ऑफिसच्या मागच्या भागात लपायला गेलं. अंगावर कपड्यांवर कपडे चढवून गेली ती, कारण ज्यू माणसं बॅगा घेऊन रस्त्यानं निघाली की संशय यायचा. नंतर आणखी चौघं आले, एकूण आठ माणसं, दोन वर्षं, दिवसा नळ सोडायचा नाही की पाय वाजवायचे नाहीत, कारण खाली कामगार असायचे.

आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर आर्न्हेम गावात ऑड्री होती. हे फार कमी जणांना माहीत असतं. तिची आई डच, त्यामुळे युद्ध सुरू झालं तेव्हा आई तिला इंग्लंडहून हॉलंडला घेऊन आली, हॉलंड तटस्थ आहे तेव्हा तिथे सुरक्षित राहू म्हणून. फ्रँक कुटुंबही जर्मनीतून हॉलंडला आलं ते ह्याच आशेनं. दोन्ही घरांनी लेकरं वाचवायला एकच देश निवडला आणि १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा तिथेच घुसल्या. ऑगस्ट ४२ मध्ये ऑड्रीच्या मावशीच्या यजमानांना जर्मनांनी ओलीस धरलं आणि गोळ्या घातल्या, तारीख १५ ऑगस्ट. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, ८ तारखेला, इकडे मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला होता.

आणि इथे ताई, तुमच्या आजीची जागा आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय की आजीचं माहेर वाळव्याकडचं. मग ४२ ला तेरा वर्षांच्या मुलीनं काय काय बघितलं असेल! पत्री सरकारचा मुलूख तो, क्रांतिसिंह नाना पाटलांचा. घरी कोणी भूमिगत येऊन जेवून गेलं का, रात्री भाकऱ्या थापून कुठे पोचवल्या का, पोलीस आले तेव्हा आईनं काय सांगितलं, हे विचारा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, तुमची शुद्ध भाषा घालू नका. अ‍ॅन आणि लता यांच्या मधोमध तो मजकूर येऊ दे. जागा आधी रिकामी सोडा आणि मग तिच्यासमोर बसा, घाईनं नको, दुपारची तिची झोप झाल्यावर.

दुसरं साल घ्यायचं असेल तर १९४४. सगळे पंधराचे किंवा पंधराच्या आसपासचे. एप्रिलमध्ये मार्टिन त्याच्या जॉर्जिया राज्यातल्या डब्लिन गावी वक्तृत्वस्पर्धेला गेला होता, विषय काळे लोक आणि अमेरिकेची राज्यघटना. परत येताना बसमध्ये गोरे प्रवासी चढले आणि ड्रायव्हरनं त्याला आणि त्याच्या शिक्षिकेला उठायला सांगितलं. तो पटकन उठेना, ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला, बाई म्हणाल्या ऊठ बाळा, तेव्हा कुठे उठला, आणि अटलांटापर्यंत जवळजवळ दीडशे किलोमीटर दोघं उभे राहून आले. राज्यघटनेवर भाषण करून परत येताना! आयुष्यात इतका राग कधीच आला नव्हता असं त्यांनी पुढे सांगितलंय. अकरा वर्षांनी माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार सुरू झाला तेव्हा त्याचं पुढारपण ज्या तरुण पाद्र्याकडे आलं तो हाच, वय २६. ३८१ दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत, पायी कामाला गेले.

त्याच ४४ च्या ४ ऑगस्टला अ‍ॅनच्या लपण्याच्या जागेवर धाड पडली. ३ सप्टेंबरला त्यांना ज्या गाडीत कोंबलं ती वेस्टरबोर्कच्या छावणीतून आउशवित्झच्या मृत्यूछावणीला गेलेली शेवटची गाडी. शेवटची. पुढे तिला आणि बहिणीला बर्गन-बेल्सनला हलवलं आणि १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास टायफसनं दोघी गेल्या. १५ एप्रिलला ब्रिटिश फौजा तिथे पोचल्या. हे लिहिताना दर वेळी माझा हात थांबतो, काही आठवड्यांचं अंतर होतं फक्त.

ऑड्री त्याच हिवाळ्यात उपाशी होती. जर्मनांनी पश्चिम हॉलंडचं धान्य अडवलं होतं, त्या हिवाळ्याला डच लोक आजही भुकेचा हिवाळा म्हणतात, वीसेक हजार माणसं गेली. लोकांनी ट्युलिपचे कांदे उकडून खाल्ले, ऑड्रीच्या घरीही तेच. पुढे मोठी नटी झाल्यावर अ‍ॅनच्या डायरीवरच्या सिनेमात अ‍ॅनची भूमिका तिला देऊ केली होती, स्वतः अ‍ॅनचे वडील तिला भेटले, पण तिला ते जमेना, ते सगळं पुन्हा जगणं शक्य नाही म्हणाली. मात्र १९९० साली युनिसेफच्या मदतीसाठी झालेल्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत उभी राहून तिनं त्याच डायरीतले उतारे वाचले. एकाच वयाच्या दोन मुली, त्यातली एक वाचली आणि साठीत दुसरीचे शब्द वाचून दाखवायला उभी राहिली. सोमालियातली उपाशी मुलं बघायला ती १९९२ मध्ये गेली आणि त्यानंतर काही महिन्यांतच वारली.

अजून एक काम करा. या सगळ्यांची जन्माच्या वेळची नावं लिहा. मार्टिन हा जन्मला तेव्हा मायकेल होता, १९३४ मध्ये वडील जर्मनीला जाऊन आले आणि मग स्वतःचं आणि पोराचं दोन्ही नावं बदलली. लता ही आधी हेमा. नर्गिस म्हणजे फातिमा. सुनील दत्त म्हणजे बलराज. आता आजीचं बघा, आजीचंही नाव लग्नात बदललं असणारच, त्या काळात ताटात तांदूळ पसरून नवीन नाव लिहायचे. माहेरचं नाव काय होतं विचारलंय कधी? कित्येक घरांत नातवंडांना माहीतच नसतं. अल्बमच्या पहिल्या पानावर ते नाव मोठ्या अक्षरात टाका. आणि लग्न कितव्या वर्षी झालं तेही विचारून घ्या, कारण मुलीचं लग्न चौदाच्या आत करायचं नाही हा शारदा कायदा १९२९ च्या सप्टेंबरअखेरीसच मंजूर झाला, म्हणजे कायदा आणि तुमची आजी एका वयाचे. कायदा पाळला गेला का नाही हे त्या पिढीच्या बायकांइतकं कोणालाच माहीत नाही.

प्रश्न: आमच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४० आहे. आई म्हणते मास्तरांनी अंदाजे टाकली. मग एकाच वर्षी जन्मलेले लोक वगैरे शोधायला अर्थ काय? – लातूरहून एक वाचक

उत्तर: अर्थ आहे, पण आधी वर्ष पक्कं करावं लागेल. १ जून ही आपल्याकडे हजारो लोकांची तारीख आहे, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, सहा वर्षं पुरी झालेली दिसली पाहिजेत, मास्तर विचारायचे पोरगं कधीचं, बाप म्हणायचा सुगीत झालं, की झाली १ जून. एका वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी. (नर्गिसची १ जून मात्र खरी हो, तिचा दाखल्याशी संबंध नाही.)

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेतला प्रसिद्ध ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग जन्मभर स्वतःची तारीख ४ जुलै १९०० सांगायचा. तो गेला १९७१ ला, आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी न्यू ऑर्लीन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली, त्यात ४ ऑगस्ट १९०१. वर्षाचा आणि वर एक महिन्याचा फरक.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत कागदापेक्षा आठवणीला धरा. लातूरकडचे म्हणजे निजामातले. रझाकारांच्या वेळी ते केवढे होते हे विचारा, पोलीस अ‍ॅक्शन १९४८ च्या सप्टेंबरात झाली, १३ ला सुरू आणि १७ ला संपली. तेव्हा शाळेत जात होते का, कडेवर होते का, घर सोडून सोलापूरकडे पळाले असतील तर स्वतः चालत गेले का कोणाच्या खांद्यावर? चालत गेलेलं आठवत असेल तर सहा-सात वर्षांचे नक्की, आणि म्हणजे दाखल्यावरचं ४० साल बऱ्यापैकी खरं. खांद्यावर असतील तर ४४-४५. गावातल्या त्यांच्याहून मोठ्या बाईला विचारा, पुरुषांपेक्षा बायकांना हे पक्कं आठवतं, कारण अमकीच्या बाळंतपणाच्या आधी का नंतर असा त्यांचा हिशोब असतो. वर्ष ठरलं की मग जगभरची नावं शोधा, तोवर नको.

प्रश्न: एका वर्षी जन्मलेल्यांचे ग्रह बरेचसे सारखे असतात म्हणतात. मग एकाच सालातल्या थोरामोठ्यांच्या आयुष्यात काही साम्य असतं का? – नाशिकहून एक वाचक, वय १९

उत्तर: साम्य असतं, पण मला ते ग्रहांत दिसत नाही, शाळेच्या वयात युद्ध आलं, वडील गेले, भाकरी महाग झाली, त्यात दिसतं. १९२९ मध्ये जन्मलेल्यांचीच मृत्यूच्या वेळची वयं बघ. अ‍ॅन १५. किंग ३९, मेम्फिसला गोळी घातली. नर्गिस ५१. हेपबर्न ६३. पाडगांवकर ८६. लतादीदी ९२. एकाच ओळीतली माणसं आणि एवढा फरक. आणि बरं, आपल्या पंचांगानं बघितलं तर हे सगळे एका वर्षाचे नाहीतच, किंग, साळगांवकर, पाडगांवकर शके १८५० चे, कारण त्या साली पाडवा एप्रिलमध्ये आला, आणि अ‍ॅन, नर्गिस, लता शके १८५१ च्या. वर्षाची रेघ कुठे मारायची ती आपण मारतो.

तू एकोणीसचा आहेस म्हणून तुला त्या सालातला एक माणूस आवर्जून सांगते, भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज. २९ मे १९२९, इंग्लंडमधलं न्यूकॅसल. १९६४ मध्ये, म्हणजे पस्तिशीत, त्यांनी कागदावर मांडलं की असा असा एक कण असला पाहिजे. तो दिसायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. ४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जाहीर झालं की सापडला, तेव्हा समोरच्या रांगांमध्ये बसलेले हिग्ज डोळे पुसत होते, ८३ वर्षांचे. पुढच्या वर्षी नोबेल. ज्या दिवशी जाहीर होणार त्या दिवशी ते मुद्दाम घराबाहेर पडले, मोबाइल नव्हताच, जेवून परत येताना रस्त्यात एका जुन्या शेजारणीनं गाडी थांबवून अभिनंदन केलं तेव्हा त्यांना कळलं. त्या कणाला बोसॉन म्हणतात ते आपल्या सत्येंद्रनाथ बोसांच्या नावावरून. आणि त्याच सालच्या शकुंतलादेवी बंगळूरच्या, त्यांनी १९८० मध्ये लंडनला तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला. एकाला अठ्ठेचाळीस वर्षं, एकीला २८ सेकंद. तुझ्याकडे वेळ आहे, घाबरू नकोस.

ता. क.: सांगलीच्या ताईंनी पत्राखाली बारीक अक्षरात विचारलंय की वाढदिवसाच्या संध्याकाळी आजीला एखादंच गाणं ऐकवायचं तर कुठलं. उत्तर सोपं आहे, 'श्रावणात घन निळा बरसला'. शब्द पाडगांवकरांचे, आवाज लतादीदींचा, चाल श्रीनिवास खळ्यांची. लिहिणारा आणि गाणारी दोघंही आजीच्याच सालातले. मोठ्या स्पीकरवर नका लावू, तुम्ही म्हणालात कान गेलेत तर मोठा आवाज फाटून ऐकू येतो, चांगला हेडफोन घ्या आणि तिच्या कानाला लावा, आवाज हळूहळू वाढवा. मी आत्याला असंच ऐकवलं होतं तर तिनं पहिलं कडवं होईपर्यंत डोळे मिटून घेतले आणि मग मला म्हणाली, खिडकी उघड गं, पाऊस आला का बघ. एप्रिल होता तो.